बारकोड ते फास्टॅग: पट्टीत काय असतं आणि काय नसतं

ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतेय. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे काय तर' वगैरे बरेचसे काढलेत, सगळे निघालेले नाहीत.

आजचा विषय दोन फॉरवर्डमुळे सुचला. पहिला जुनाच: 'बारकोडची सुरुवात ८९० ने असेल तर वस्तू भारतीय, ६९० ते ६९९ असेल तर चिनी, बघून घ्या.' दुसरा २०२२ च्या जून महिन्यातला व्हिडिओ. सिग्नलला गाडीची काच पुसणारा एक मुलगा मनगटावरचं घड्याळ फास्टॅगवर फिरवतो आणि खात्यातले पैसे गायब होतात, असा दावा त्यात होता. हा व्हिडिओ आजही फिरतोय. माझ्या एका काकांनी तर फास्टॅगवर कागद चिकटवून ठेवला होता, टोलनाका आला की काढायचा.

दोन्ही फॉरवर्डमध्ये एकच गैरसमज आहे: त्या पट्टीत किंवा स्टिकरमध्ये काहीतरी मौल्यवान भरलेलं असतं. देश असतो, पैसे असतात. प्रत्यक्षात तिथे फक्त एक नाव असतं. बाकी सगळं दुसरीकडे, कुठल्यातरी वहीत. ही गोष्ट नीट कळायची तर हे शोध कसे लागले ते बघावं लागतं, आणि ती कहाणी तशीही भारी आहे.

आधी एक छोटा प्रयोग. ओळखीच्या दुकानदाराचा स्कॅनर मिळाला तर लॅपटॉपला लावा, नोटपॅड उघडा आणि बिस्किटाचा पुडा स्कॅन करा. काय होईल? तेरा आकडे टाइप होतील आणि कर्सर खालच्या ओळीवर जाईल. बस्स. संगणकाच्या दृष्टीने तो स्कॅनर म्हणजे चक्क कीबोर्ड आहे, फार वेगाने आणि न चुकता टाइप करणारा. त्या आकड्यांत किंमत नाही, वजन नाही, एक्स्पायरी नाही. ते आकडे घेऊन बिलिंगचं सॉफ्टवेअर दुकानाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जातं आणि 'या नंबरची वस्तू कोणती, भाव काय' हे तिथे शोधतं.

आपल्याकडे यात एक खास भानगड आहे, एमआरपीची. कंपनीने भाव वाढवला तरी बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. मग दुकानात जुन्या आणि नव्या भावाचे पुडे एकाच रॅकवर, दोघांवर एकच बारकोड. म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन केल्यावर कधीकधी खिडकी उघडते: कोणता एमआरपी? काउंटरवरच्या माणसाने पुडा फिरवून छापलेला भाव वाचायचा आणि निवडायचा. संध्याकाळची गर्दी असेल, मागे रांग असेल, तर तो काय करेल? जे वर दिसतंय त्यावर एंटर. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही, पण मशीनला ते माहीतच नसतं, कारण छापलेला भाव त्या रेघांत नाहीच. तेव्हा 'स्कॅन झालंय म्हणजे बरोबरच असणार' हे डोक्यातून काढा आणि बिल एकदा बघा.

(याला अपवाद आहे. मॉलमध्ये सुटी भाजी किंवा डाळ वजन करून जे लेबल चिकटवतात, त्याचा नंबर सहसा २ ने सुरू होतो. २० ते २९ हे आरंभाचे आकडे दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेत. त्यात वजन किंवा किंमत खरोखर भरलेली असू शकते. पण तो कोड त्या दुकानाबाहेर निरर्थक.)

आता ८९० चं. बारकोडचे नंबर वाटणारी जीएस१ नावाची जागतिक संस्था आहे. अनेक देशांत तिच्या शाखा असतात आणि शाखेला आरंभाचे आकडे दिलेले असतात. भारताच्या शाखेला ८९०. याचा अर्थ इतकाच की या कंपनीने आपला नंबर भारतातल्या शाखेतून घेतला. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. भारतीय कंपनीने बाहेरून माल बनवून आणला तरी कोड ८९० चाच असू शकतो. पुस्तकांवर ९७८ असतं, आणि ९७८ नावाचा काही देश नाही.

चला, आता १९४८ मध्ये.

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, ड्रेक्सेल इन्स्टिट्यूट. तिथल्या बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर एक संभाषण पडलं. एका किराणा साखळीचा प्रमुख कॉलेजच्या डीनला विचारत होता की काउंटरवर वस्तूची माहिती आपोआप वाचणारं काही बनवता येईल का? डीनने नकार दिला. सिल्व्हरने ही गोष्ट आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याला सांगितली. वुडलँडला ती इतकी चावली की तो सगळं सोडून मायामी बीचला आजोबांच्या घरी जाऊन बसला.

पुढचा प्रसंग तुम्ही कदाचित ऐकला असेल. वुडलँडला लहानपणी बॉय स्काउटमध्ये मोर्स कोड शिकवला होता. समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याने वाळूत टिंब आणि डॅश काढले आणि मग बोटं खाली ओढली. टिंबांच्या झाल्या बारीक रेघा, डॅशच्या झाल्या जाड रेघा. गोष्ट इथे संपली असती तर छान होती. पण मग त्याला वाटलं की रेघा असतील तर वस्तू सरळच धरावी लागेल, म्हणून त्याने त्या गोल फिरवल्या. एकात एक वर्तुळं, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. दोघांनी २० ऑक्टोबर १९४९ ला पेटंटचा अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ ला पेटंट मिळालं.

त्यांनी यंत्रही बनवलं. ५०० वॅटचा बल्ब आणि समोर प्रकाश मोजणारी नळी. चाललं ते, पण बल्बच्या उष्णतेने कागद धुमसायला लागला. इथे खरी अडचण दिसते. कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारा बारीक, तेजस्वी आणि थंड प्रकाश जगात अजून यायचा होता. पहिला लेझर आला १९६० मध्ये. नंबर समजून भाव काढायला दुकानात परवडेल असा संगणक त्याच्याही नंतर. पेटंटची मुदत १९६९ मध्ये संपली, तेव्हा जगात एकाही किराणा दुकानात बारकोड नव्हता. दोघांनी पेटंट १९६२ मध्येच १५ हजार डॉलरला विकून टाकलं होतं. सिल्व्हर १९६३ मध्ये गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. त्याला आपला शोध दुकानात वापरलेला कधी बघायलाच मिळाला नाही.

मधल्या काळात रेल्वेने एक प्रयत्न केला. सिल्व्हेनिया कंपनीत डेव्हिड कॉलिन्सने मालगाडीच्या डब्यांवर लावायच्या रंगीत पट्ट्यांची पद्धत काढली, कारट्रॅक नावाची. १९६७ मध्ये अमेरिकी रेल्वेने ती स्वीकारली आणि दहा-एक वर्षांत सोडून दिली. मुख्य कारण काय? धूळ. मालडबा कोण पुसणार?

पेटंट पुढे आरसीए कंपनीकडे गेलं. त्यांनी १९७२ मध्ये सिनसिनाटीतल्या एका क्रोगर दुकानात वर्तुळवाले बारकोड वापरून पाहिले. तेव्हा दिसलं की छापखान्यात कागद धावताना शाई किंचित पुढे ओढली जाते. वर्तुळाची रेघ ज्या बाजूला ओढली जाते तिथे जाड होते आणि सगळं माप बिघडतं.

दरम्यान किराणा उद्योगाने समिती नेमून सगळ्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले होते. आयबीएममध्ये हे काम जॉर्ज लॉररकडे आलं. वुडलँडही तोवर आयबीएममध्येच नोकरीला होता. लॉररचं उत्तर इतकं साधं आहे की मला ते फार आवडतं: रेघा सरळच ठेवा, आणि छपाईच्या दिशेने उभ्या ठेवा. मग शाई ओढली गेली तरी रेघ लांब होईल, जाड होणार नाही. आणि माहिती तर फक्त जाडीत आहे! म्हणजे वाळूत पहिल्यांदा उमटलेल्या रेघाच शेवटी बरोबर ठरल्या, फक्त मध्ये वीस-बावीस वर्षं वर्तुळात फिरण्यात गेली.

मग वस्तू तिरकी धरली तर? लॉररने कोडचे दोन तुकडे केले, डावा आणि उजवा, मध्ये खुणेच्या रेघा. प्रत्येक तुकडा रुंदीपेक्षा उंच. स्कॅनर फुलीसारख्या दोन किरणांनी झाडतो. वस्तू कशीही फिरवा, प्रत्येक तुकड्यातून एक तरी किरण आरपार जातोच. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचून सॉफ्टवेअर ते जोडतं. उलटं वाचलं गेलं तर? डाव्या बाजूच्या प्रत्येक आकड्यात काळ्या भागांची संख्या विषम आणि उजव्या बाजूला सम, असं ठरवलंय, त्यावरून दिशा कळते. आणि सगळं मोजमाप प्रमाणावर चालतं, मिलिमीटरवर नाही, त्यामुळे वस्तू जवळ धरा, लांब धरा, भरकन ओढा, फरक पडत नाही.

३ एप्रिल १९७३ ला समितीने हा नमुना निवडला. यूपीसी त्याचं नाव, बारा आकड्यांचा. २६ जून १९७४ ला सकाळी ८ वाजून १ मिनिटाने ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये पहिली वस्तू खरोखर स्कॅन झाली: रिगलीच्या ज्यूसी फ्रूट च्युइंगमचं दहाचं पाकीट, ६७ सेंट. हा कोड कोणीही वापरावा असा खुला ठेवला गेला, त्यामुळे प्रत्येक स्कॅनवर आयबीएमला किंवा लॉररला काही मिळत नाही.

युरोपातल्या १२ देशांनी १९७७ मध्ये संस्था काढली तेव्हा त्यांना तेरावा आकडा हवा होता, पण अमेरिकेतल्या मशीन तर बारा आकड्यांसाठी बनलेल्या. त्यांनी केलेला जुगाड आजही आपल्या प्रत्येक पुड्यावर आहे. घरातली कुठलीही वस्तू घ्या आणि ८९० बघा. ८ हा आकडा रेघांच्या बाहेर, डावीकडे एकटाच छापलेला दिसेल. कारण त्याच्यासाठी रेघाच नाहीत! डाव्या तुकड्यातले सहा आकडे दोन प्रकारे काढता येतात. कोणते आकडे कोणत्या प्रकारे काढलेत, त्या क्रमात तो ८ लपवलेला आहे.

शेवटचा आकडा तपासणीचा. उदाहरण घ्या, ८९०१२३४५६७८९ आणि पुढे काय यायला हवं? पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक आकडे मिळवा: ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले मिळवा: ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पटीत आणायला किती हवेत? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. स्कॅनरने मधला ५ चुकून ६ वाचला तर बेरीज १३३ होईल, हिशेब जुळणार नाही, बीप वाजणार नाही. हाताने टाइप करताना शेजारचे २ आणि ३ उलटे पडले तर १२८, तेही पकडलं जातं. फक्त शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर ५ चा फरक असेल, म्हणजे १ आणि ६, तर अदलाबदल निसटते. तिप्पट का, दुप्पट का नाही? दुप्पट केली तर त्या जागांवरची ५ ची चूक पकडता येत नाही. कागद घेऊन करून बघा.

आता रेडिओकडे. तारीख पुन्हा तीच, १९४८. इकडे सिल्व्हर आणि वुडलँडच्या डोक्यात प्रकाशाने वाचायचा कोड घोळत होता, त्याच वर्षी हॅरी स्टॉकमन नावाच्या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात कल्पना अशी की रेडिओने बोलायला दोन्ही बाजूंना ट्रान्समीटर कशाला हवा? एका बाजूने लहरी सोडायच्या आणि दुसऱ्या बाजूने त्या फक्त परतवायच्या, कमी-जास्त करत.

लहानपणी आरशाने समोरच्या घरात कवडसा पाडलाय ना? ऊन तुमचं नाही, सूर्याचं. तुम्ही फक्त आरसा हलवता. समोरच्याला तरीही निरोप कळतो. आरएफआयडी टॅग म्हणजे हेच. रीडर लहरी सोडतो, टॅगचा अँटेना त्यातली चिमूटभर ऊर्जा घेऊन चिप जागी करतो आणि मग चिप अँटेनाची अवस्था बदलत राहते, कधी जास्त परतव, कधी कमी. रीडरला परत येणाऱ्या लहरीत ही उघडझाप दिसते. बॅटरी नाही, ट्रान्समीटर नाही.

सोव्हिएत रशियाने हे तत्त्व त्याआधीच वापरून झालं होतं, अर्थात कुणाला न सांगता. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोतल्या शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागली आणि १९५२ पर्यंत तिथेच होती. आत एक छोटी धातूची पोकळी आणि अँटेना. बाहेरून रशियन लोक रेडिओ लहरी मारायचे, खोलीतल्या आवाजाने पोकळीचा पातळ पडदा थरथरायचा आणि परत जाणारी लहर त्याप्रमाणे बदलायची. बॅटरी नाही, वायर नाही, एरवी कुठलाच सिग्नल नाही, म्हणून शोधणाऱ्यांना सापडत नव्हतं. बनवणारा लेव्ह थेरेमिन, हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिन वाद्याचा जनक. याला काही जण पहिला आरएफआयडी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्यात ओळख सांगणारा नंबरच नाही. पण चुलत आजोबा म्हणायला हरकत नाही.

स्टॉकमनच्या कल्पनेचंही बारकोडसारखंच झालं: २०-२५ वर्षं थांबणं. इथे वाट ट्रान्झिस्टर आणि चिपची होती. १९७३ च्या जानेवारीत मारिओ कार्डुलोला बॅटरीशिवाय चालणाऱ्या, स्मृती असलेल्या टॅगचं पेटंट मिळालं. त्याने १९७१ मध्येच ते न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीला दाखवलं होतं, आणि कशासाठी? टोलसाठी! चार्ल्स वॉल्टनने त्याच सुमारास किल्लीशिवाय दार उघडणाऱ्या कार्डाचं पेटंट घेतलं. ऑफिसच्या दाराला आपण जे कार्ड टेकवतो त्याचं मूळ तिथे.

खरं वळण १९९९ मध्ये एमआयटीत आलं. पी अँड जी कंपनीतल्या केव्हिन अ‍ॅश्टनला एक प्रश्न छळत होता: लिपस्टिकची एक विशिष्ट छटा दुकानात कायम संपलेली का दिसते, गोदामात असूनही? त्याच्यासोबत डेव्हिड ब्रॉक आणि आयआयटी कानपूरमधून शिकलेले संजय सरमा. तोवर आरएफआयडीवाले टॅगवर जास्तीत जास्त माहिती कशी मावेल याच्या मागे होते. या मंडळींनी उलटं म्हटलं. टॅग जितका मठ्ठ, तितका स्वस्त. त्यात फक्त एक नंबर ठेवा, बाकी माहिती नेटवर्कवर. लक्ष्य होतं टॅगमागे ५ सेंट.

हा नंबर ९६ बिटचा, आणि इथे बारकोडपेक्षा मोठा फरक पडतो. एकाच प्रकारच्या सगळ्या पुड्यांवर बारकोड एकच. आरएफआयडीत प्रत्येक पुड्याला स्वतःचा अनुक्रमांक. प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या भाषेत, बारकोड क्लासला नाव देतो, टॅग ऑब्जेक्टला.

२००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं की जानेवारी २००५ पर्यंत त्यांच्या मोठ्या १०० पुरवठादारांनी खोक्यांवर टॅग लावायचे. गाजावाजा खूप झाला, पण भौतिकशास्त्र वॉलमार्टचं ऐकत नाही. या लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परतवून लावतो. शाम्पूची बाटली आणि टिनचा डबा, किराणा दुकानात दुसरं असतं काय? कपड्यांचं मात्र जमलं. कापडातून लहरी निवांत जातात, आणि साइज व रंगांच्या ढिगाऱ्यात मोजणी हाच कपड्यांच्या दुकानाचा डोकेदुखीचा भाग. डेकॅथलॉनमध्ये टोपलीत सगळं टाकलं की एकदम बिल होतं, ते याच टॅगमुळे.

एकदम बिल होतं म्हणजे कसं, हा प्रश्न पडायला हवा. टोपलीत वीस टॅग. रीडरने लहर सोडली की विसांच्या विसांना ऊर्जा मिळणार, वीसही जण एकदम ओरडणार. वर्गात बाईंनी 'कोण कोण आलंय?' विचारल्यावर होतो तसा कल्ला. हजेरीपट नाही, कारण कोण आलंय हेच माहीत नाही.

२००४ मध्ये आलेल्या जेन-२ मानकात यावर असा उपाय आहे. रीडर म्हणतो, 'शून्य ते पंधरामधला एक आकडा मनात धरा. शून्य आलंय त्यानेच बोला.' ज्याला शून्य आलं तो टॅग आपलं नाव सांगत नाही, आधी एक १६ बिटचा यादृच्छिक आकडा सांगतो. रीडर तोच आकडा परत उच्चारतो. आकडा जुळला की टॅग खरा नंबर देतो आणि गप्प बसतो. मग रीडर म्हणतो, 'सगळ्यांनी एक वजा करा.' ज्यांचा १ होता ते आता शून्यावर आले, त्यांची पाळी. दोघं एकदम बोलले तर त्यांना पुढच्या फेरीत संधी. फार टकरा व्हायला लागल्या तर रीडर म्हणतो, आता शून्य ते एकतीस. सगळे गप्पच राहिले तर मर्यादा कमी करतो. एका सेकंदात शेकडो टॅग असे वाचून होतात. या युक्तीचं मूळ हवाई विद्यापीठात आहे. तिथे नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना 'आधी बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला' ही पद्धत वापरली होती. नाव अलोहा.

आपला फास्टॅग याच घराण्यातला. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, जेन-२ मानक, बॅटरी नाही. खालापूर किंवा तळेगावच्या टोलनाक्यावर लेनच्या वर बसवलेला रीडर लहर सोडतो, काचेवरचा टॅग नंबर परतवतो. टोलच्या संगणकाकडून तो नंबर त्यांच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे. एनपीसीआयच्या वहीत लिहिलेलं असतं की हा टॅग कोणत्या गाडीचा आणि कोणत्या बँकेने दिला. ती बँक तुमच्या खात्यातून पैसे वळते करते. टॅगवर एक रुपयाही नसतो.

आता काकांच्या कागदाकडे वळूया. घड्याळात आणि फोनमध्ये असतं एनएफसी, १३.५६ मेगाहर्ट्झवर, काही सेंटिमीटर अंतरावर चालणारं. ते फास्टॅगशी बोलूच शकत नाही. समजा त्या मुलाकडे खरा यूएचएफ रीडर असता, तर त्याला काय मिळालं असतं? एक नंबर. त्या नंबरावर पैसे मागायचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या टोल किंवा पार्किंग चालकांना आहे, त्यांच्या बँकेमार्फत. फास्टॅगमधून कुणा व्यक्तीच्या खात्यात पैसे जाण्याची सोयच यंत्रणेत नाही. एनपीसीआयने तेव्हाच हे स्पष्ट केलं होतं.

खरी गळती दुसरीकडे आहे. टॅग म्हणजे नाव, आणि नाव गाडीला चिकटलेलं आहे की हातात धरलंय हे रीडरला कळत नाही. कारचा टॅग ट्रकच्या ड्रायव्हरने हातात धरून दाखवला तर? म्हणून लेनमध्ये गाडीचे आस मोजणारे सेन्सर असतात, आणि म्हणूनच राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये काचेला न चिकटवलेले टॅग काळ्या यादीत टाकायचा निर्णय घेतला.

क्यूआर कोडवर खरं तर वेगळा भाग हवा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. कोपऱ्यातले तीन चौकोन का? त्यांच्यातून कुठल्याही दिशेने रेघ मारली तरी काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१ येतं, आणि छापील कागदांवर हे प्रमाण सहसा आढळत नाही, हे त्यांनी असंख्य मासिकं आणि पत्रकं तपासून ठरवलं. तीसेक टक्के कोड खराब झाला तरी वाचता येईल अशी सोयही त्यात करता येते.

पण आजच्या विषयापुरतं एवढंच बघा की वडापावच्या गाडीवर लावलेला क्यूआरही नावच आहे, दुकानदाराचा यूपीआय पत्ता. रात्री कुणीतरी त्यावर स्वतःचं स्टिकर चिकटवून गेलं तर कोडला काही वाटत नाही, तो नवीन नाव तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते बँकेच्या वहीतून आलेलं असतं, स्टिकरवरून नाही. म्हणून ते वाचायचं, आणि शंका आली तर विचारायचं, 'दादा, हेच नाव ना?' दुकानदाराची अडचण याच्या उलट. ग्राहकाने दाखवलेल्या हिरव्या टिकेवर तो कसा विश्वास ठेवणार? स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. त्याच्यासाठी तो छोटा स्पीकर आला, 'चाळीस रुपये प्राप्त हुए' म्हणणारा. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि तो ग्राहकाच्या फोनला काहीच विचारत नाही, थेट सर्व्हरकडून ऐकतो. तो आतून कसा चालतो, आणि नेटवर्क गेल्यावर गप्प का बसतो, हे पुढच्या भागात.